मॅक्स मार्टिन : एका स्वीडिश गीतरचनाकाराची जडणघडण आणि कारकीर्द

प्रस्तावना

मराठीत 'गीतकार' हा शब्द गीताचे शब्द लिहिणाऱ्यासाठी योजला जातो आणि चाल बांधणाऱ्यास 'संगीतकार' म्हटले जाते. 'गीतरामायणा'चा (१९५५) उल्लेख करताना ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही दोन नावे स्वतंत्रपणे घेतली जातात, ती या श्रमविभागणीमुळेच. पाश्चात्त्य पॉप संगीतात ही सीमारेषा बरीच पुसट आहे. तेथे चाल, शब्द, ठेका आणि पुष्कळदा ध्वनिमुद्रणाची घडण यांचा विचार एकच व्यक्ती किंवा एकच लहान गट एकत्रितपणे करतो. अशा व्यक्तीसाठी प्रस्तुत लेखात 'गीतरचनाकार' ही संज्ञा वापरली आहे.

गेल्या तीन दशकांतील सर्वाधिक यशस्वी गीतरचनाकारांत स्वीडनच्या मॅक्स मार्टिन यांची गणना होते. अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' या गीतक्रमवारीत प्रथम स्थान मिळवणाऱ्या त्यांच्या गीतांची संख्या २०२४ मध्ये २७ झाली. त्यांनी जॉन लेनन यांना मागे टाकले आणि त्यांच्या पुढे केवळ पॉल मॅकार्टनी उरले. असे असूनही बीटल्सची ही दोन नावे जगभर सर्वतोमुखी आहेत, तर मार्टिन यांची गीते गुणगुणणाऱ्या कोट्यवधी श्रोत्यांना त्यांचे नावही ठाऊक नसते. ते क्वचितच मुलाखती देतात आणि रंगमंचापासून दूर राहतात. त्यामुळे त्यांच्या यशाभोवती एक प्रकारचे गूढ निर्माण झाले असून 'अलौकिक प्रतिभा' या शब्दांनी त्याची बोळवण केली जाते. प्रतिभा नाकारण्याचे कारण नाही. तथापि ती कोठे आणि कोणाच्या सहवासात घडली, हे पाहिल्यास चित्र बरेच निराळे दिसते.

संगीतशाळा आणि रॉकचे आकर्षण

मार्टिन यांचे मूळ नाव कार्ल मार्टिन सँडबर्ग. जन्म २६ फेब्रुवारी १९७१ रोजी स्टॉकहोम येथे झाला. त्यांचे बालपण शहराच्या पश्चिमेस, मेलारेन सरोवरातील एका बेटावरच्या स्टेनहाम्रा या लहान वस्तीत गेले. स्वीडनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत नगरपालिकांनी चालवलेल्या संगीतशाळांचे जाळे विस्तारत गेले होते. शालेय वयातील मुलांना विनामूल्य अथवा अल्प शुल्कात वाद्यशिक्षण मिळावे आणि घरची आर्थिक स्थिती त्याच्या आड येऊ नये, ही त्यामागील भूमिका होती. अशाच शाळेत सँडबर्ग यांनी प्रथम बासरीच्या जातीचे रेकॉर्डर हे वाद्य व नंतर फ्रेंच हॉर्न शिकण्यास प्रारंभ केला. स्वरलेखन, स्वरसंवाद आणि समूहवादनाची शिस्त त्यांना येथे लाभली. आपल्या यशाचे श्रेय या सार्वजनिक संगीतशिक्षणास असल्याचे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे.

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. या संगीतशाळा चालवण्याचे कायदेशीर बंधन स्वीडनमधील नगरपालिकांवर नाही; शुल्क किती आकारावे हेही त्या स्वतः ठरवतात. १९९० च्या दशकारंभी स्वीडनवर आर्थिक संकट कोसळले, तेव्हा अनेक ठिकाणी शुल्कवाढ आणि कपात झाली. म्हणजे या शिक्षणाचे लाभार्थी जागतिक क्रमवारीत झळकू लागले, नेमक्या त्याच काळात त्यांना घडवणारी व्यवस्था आपल्या अस्तित्वाचे समर्थन करण्यात गुंतली होती. शिक्षणावरील खर्चाचे फळ त्याच अंदाजपत्रकी वर्षात शोधू पाहणाऱ्या प्रशासकांना हा विरोधाभास कदाचित परिचित वाटणार नाही. अध्यापकांना मात्र तो नवा नाही.

शाळेबाहेर सँडबर्ग यांना वेड होते ते 'किस'सारख्या भडक वेशभूषेच्या रॉक वाद्यवृंदांचे. माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडून ते 'इट्स अलाइव्ह' या रॉक वाद्यवृंदाचे मुख्य गायक झाले. या गटाला फारसे यश लाभले नाही. त्या वर्तुळात साध्या, गोड चालीच्या पॉप गीतांना कमी लेखले जाई आणि तशी गीते आपल्याला आवडतात हे सँडबर्ग यांना चारचौघांत मान्य करणे अवघड होते. ही कोंडी फुटली ती त्यांच्या गटाचे ध्वनिमुद्रण १९९३ च्या सुमारास 'कायरॉन' या स्टुडिओकडे आले तेव्हा.

कायरॉन स्टुडिओ

स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन भागातील हा स्टुडिओ १९९२ मध्ये डेनिझ पॉप आणि टॉम तालोमा यांनी स्थापन केला होता. ग्रीक पुराणकथांत अनेक वीरांना विद्या देणारा जो अश्वमानव आहे, त्याचेही नाव हेच. या स्टुडिओला ते विलक्षण शोभून दिसते. डेनिझ पॉप यांचे मूळ नाव दाग व्होले. ते औपचारिक संगीतशिक्षण घेतलेले वादक नव्हते. नृत्यगृहांत तबकड्या वाजवता वाजवता, कोणत्या क्षणी लोक नाचू लागतात आणि कोणत्या क्षणी मैदान रिकामे होते, याचे निरीक्षण हीच त्यांची विद्या होती.

त्यांच्या यशाची सुरुवातही एका अपघाताने झाली. गॉथेनबर्गच्या 'एस ऑफ बेस' या गटाने पाठवलेली नमुना ध्वनिफीत त्यांच्या मोटारीतील कॅसेट प्लेअरमध्ये अडकून बसली. प्रथम न रुचलेले ते गीत नाइलाजाने पुन्हा पुन्हा ऐकताना त्यातील शक्यता त्यांच्या लक्षात आल्या. त्यातून 'ऑल दॅट शी वॉन्ट्स' (१९९२) आकारास आले. पाठोपाठ आलेले 'द साइन' अमेरिकेत १९९४ या संपूर्ण वर्षातील अग्रक्रमाचे गीत ठरले.

डेनिझ पॉप यांनी सँडबर्ग यांच्यातील गायकापेक्षा रचनाकार अचूक ओळखला, त्यांना स्टुडिओत ठेवून घेतले आणि 'मॅक्स मार्टिन' हे नाव दिले. पुढील सुमारे दोन वर्षे मार्टिन यांनी तेथे अहोरात्र काम शिकण्यात घालवली. गुरूला स्वरलिपीचे शिक्षण नाही आणि शिष्य वाद्यवृंदाच्या शिस्तीत वाढलेला, अशी ही जोडी होती. एकाकडे ठेक्याची आणि श्रोत्याच्या देहबोलीची जाण होती, तर दुसऱ्याकडे चालीची आणि स्वरसंवादाची. कायरॉनमधील इतर तरुणही एकमेकांची अपुरी गीते ऐकत, त्यांत भर घालत, नको ते निर्दयपणे काढून टाकत. 'हे माझे' असे म्हणण्याची सवय तेथे फारशी रुजली नाही.

'बॅकस्ट्रीट बॉइज' या अमेरिकन गटाचे 'वुई हॅव्ह गॉट इट गोइन ऑन' (१९९५) आणि 'क्विट प्लेइंग गेम्स' (१९९६) ही या पद्धतीची आरंभीची फळे होत. स्वीडिश गायिका रॉबिन यांच्यासह केलेले 'शो मी लव्ह' (१९९७) अमेरिकेतही गाजले. १९९८ च्या वसंतात ब्रिटनी स्पिअर्स ही सोळा वर्षांची अमेरिकन मुलगी ध्वनिमुद्रणासाठी स्टॉकहोमला आली. तिने गायलेले मार्टिन यांचे गीत 'टीएलसी' या प्रस्थापित गटाने त्याआधी नाकारले होते. डेनिझ पॉप तेव्हा कर्करोगाशी झुंजत होते. ३० ऑगस्ट १९९८ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच 'बेबी वन मोअर टाइम' प्रकाशित झाले आणि जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत प्रथम स्थानी पोहोचले. शिष्याला जगन्मान्यता देणारे हे यश पाहण्यास गुरू हयात नव्हता.

चाल आणि शब्द

मार्टिन यांच्या रचनापद्धतीत चाल अग्रस्थानी असते. चाल पक्की झाल्यावर तिच्या स्वरांना जुळतील तेवढीच अक्षरे शब्दांत यावीत, असा त्यांचा कटाक्ष असतो. एका ओळीत जितकी अक्षरे, तितकीच तिच्या जोडओळीत. अर्थासाठी एखादे अक्षर वाढवण्याची मुभा ते सहसा देत नाहीत. या काटेकोरपणास 'चालीचे गणित' असे म्हटले जाते. आपल्या संगीतपरंपरेच्या भाषेत सांगायचे तर, कडवे समेवर सुरू होत असेल तर त्यापुढचा भाग समेनंतर उचलायचा, म्हणजे श्रोत्याला नवा भाग आल्याची जाणीव तत्क्षणी होते. कडव्यात स्वरांची दाटी असेल तर ध्रुवपदात लांब, मोकळे स्वर ठेवायचे. कधी कडव्याचीच चाल ध्रुवपदात अधिक जोमाने आणायची, म्हणजे प्रथमच ऐकलेले ध्रुवपद ओळखीचे वाटते. ही शेवटची युक्ती प्रिन्स या अमेरिकन कलावंताकडून घेतल्याचे मार्टिन यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

चालीबरहुकूम शब्द बसवणे मराठी वाचकास अपरिचित नाही. संगीत नाटकांतील कित्येक पदे आधीच प्रचलित असलेल्या चालींवर रचली गेली. मात्र तेथे पदकर्त्याची स्वतःच्या भाषेवरील पकड चालीच्या बंधनातही अर्थ सांभाळून घेत असे. मार्टिन यांच्याबाबत परिस्थिती वेगळी आहे, कारण त्यांच्या गाजलेल्या गीतांची भाषा इंग्रजी आहे आणि ती त्यांची मातृभाषा नाही. स्वीडनमध्ये इंग्रजी शाळेत अनिवार्य असते आणि परदेशी चित्रपट उपशीर्षकांसह मूळ भाषेत दाखवले जातात, त्यामुळे ती त्यांच्या कानावर लहानपणापासून होती. तरीही कानावर असणे आणि भाषेत वाढणे यांतील अंतर अधूनमधून उघड होते.

याचे प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनी स्पिअर्स यांच्या उपरोक्त गीताचेच आहे. त्याच्या ध्रुवपदातील एका क्रियापदाचा रूढ अर्थ 'मारणे' असा होतो. रचनाकारास अभिप्रेत होता तो 'संपर्क साधणे' हा बोलीतील अर्थ. हिंसेचा गैरसमज नको म्हणून शीर्षकातून तो शब्द गाळण्यात आला आणि त्याच्या जागी तीन टिंबे आली. आंद्रेआस कार्लसन यांच्यासह रचलेल्या 'आय वॉन्ट इट दॅट वे' (१९९९) या गीतातही वाक्यांचे परस्परसंबंध तर्काने लागत नाहीत. अर्थ सुसंगत करणारी दुसरी आवृत्ती ध्वनिमुद्रित करण्यात आली होती. तथापि 'बॅकस्ट्रीट बॉइज'नी मूळ, विसंगत आवृत्तीच पसंत केली आणि श्रोत्यांनी ती उचलून धरली. काव्याच्या कसोटीवर ही गीते दुबळी आहेत, हे मान्य करावे लागेल. नाद सांभाळण्यासाठी अर्थाला मुरड घालण्याचा निर्णय येथे जाणीवपूर्वक घेतलेला आहे. तो पटो वा न पटो, त्याची गणना निष्काळजीपणात करता येत नाही.

कायरॉननंतर

यशाच्या शिखरावर असतानाच २००० च्या अखेरीस कायरॉन बंद करण्यात आला. मार्टिन यांनी तालोमा यांच्यासह 'मॅराटोन' ही संस्था उभारली. त्याच सुमारास किशोरवयीनांसाठीच्या पॉप संगीताची लाट ओसरली आणि मार्टिन यांचा काळ संपला असे वाटू लागले. २००४ मध्ये अमेरिकन गिटारवादक डॉ. ल्यूक यांच्यासह रचलेल्या, केली क्लार्कसन यांनी गायलेल्या 'सिन्स यू बीन गॉन'ने ही समजूत खोटी ठरवली. तारुण्यातील रॉकचा आवेश आणि कायरॉनची शिस्त या गीतात एकत्र आली होती. केटी पेरी यांच्या 'टीनेज ड्रीम' (२०१०) या एकाच गीतसंग्रहातील पाच गीते अमेरिकेत प्रथम स्थानी गेली; त्यांपैकी चारांत मार्टिन यांचा सहभाग होता. पुढे टेलर स्विफ्ट यांची 'शेक इट ऑफ' व 'ब्लँक स्पेस' (२०१४) आणि 'द वीकेंड' यांचे 'ब्लाइंडिंग लाइट्स' (२०१९) आले. हे शेवटचे गीत 'बिलबोर्ड'ने २०२१ मध्ये आपल्या क्रमवारीच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी गीत म्हणून घोषित केले.

या यादीवर आक्षेपही घेतला जातो. एकाच व्यक्तीचा हात इतक्या गायकांमागे असेल तर जगाचे पॉप संगीत एकसुरी होणार नाही काय? नमुना ध्वनिमुद्रणे मार्टिन स्वतः गातात आणि त्यातील शब्दफेक गायकांच्या गाण्यात उतरते, हे लक्षात घेता आक्षेपात तथ्य आहे. परंतु स्पिअर्स यांच्या गाण्यापासून 'द वीकेंड' यांच्या गाण्यापर्यंतचा पल्ला ऐकला तर, एकाच कारागिराने काळाप्रमाणे आपली हत्यारे किती वेळा बदलली, तेही ध्यानात येते.

ही हत्यारे त्यांनी आपल्यापाशीच ठेवली नाहीत. 'शेलबॅक' या नावाने ओळखले जाणारे कार्ल योहान शूस्टर कर्कश मेटल संगीताकडून आले आणि मार्टिन यांच्या हाताखाली तयार झाले. आरियाना ग्रांदे यांच्या अनेक गीतांचे सहरचनाकार, भारतीय वंशाचे अमेरिकन सवन कोटेचा, यांची घडणही या वर्तुळात झाली. श्रेयनामावलीत चार-पाच नावे का असतात, याचे उत्तर या कार्यपद्धतीत सापडते. अशा गीताचा 'कर्ता' नेमका कोण, हा प्रश्न एकाच कवीच्या नावाने वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांना अडचणीत टाकणारा आहे.

२०१६ मध्ये मार्टिन यांना स्वीडनचा 'पोलर संगीत पुरस्कार' मिळाला. 'आबा' या गटाचे व्यवस्थापक आणि गीतलेखनातील सहकारी स्टिग अँडरसन यांच्या देणगीतून १९८९ मध्ये स्थापन झालेला हा पुरस्कार स्वीडनच्या राजाच्या हस्ते दिला जातो. १९९८ मध्ये तो पंडित रविशंकर यांना मिळाला होता. डेनिझ पॉप यांच्या नावानेही २०१३ पासून स्वीडनमध्ये पुरस्कार दिले जात असून त्यांच्या स्थापनेत मार्टिन यांचा पुढाकार होता. हे पुरस्कार नवोदित रचनाकार, निर्माते आणि कलावंतांसाठी आहेत.