यादीत नाव चढलेली माणसे : निजामी अमलापासूनचा मागोवा

निजामाच्या हैदराबाद संस्थानात कळमनुरी हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता. सरकारदरबारी गाऱ्हाण्याचा अर्ज देण्याला तिथे मनाई नव्हती. तेच गाऱ्हाणे चार लोक जमवून मांडायचे म्हटले की परवानगी लागे. 1921 च्या फर्मानाने ही अट राजकीय सभांना घातली. पुढे ‘गश्ती निशाण 53’ या कुप्रसिद्ध परिपत्रकाने ती आणखी आवळली. परवानगी मागणे म्हणजे आपले नाव आपल्याच हाताने पोलिसांच्या वहीत लिहून देणे होते.

1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. सूर मवाळ, मागण्या नागरी हक्कांच्या. सप्टेंबर 1938 मध्ये मात्र हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये गोविंदराव नानल यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला, त्यात स्वामी रामानंद तीर्थही तुरुंगात गेले. नाव बदला, मग बघू, असा सरकारचा हेका होता. बंदी उठायला 1946 उजाडले.

सर्वांत जास्त झळ बसली ती विद्यार्थ्यांना. 1938 मध्येच औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्यांची नावे कमी करण्यात आली. माफी मागणाऱ्यांना परत घेतले जाई. न मागणाऱ्यांना संस्थानात शिक्षणाचे दार बंद. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना सामावून घेतले. वरंगळला शिकणारे पी. व्ही. नरसिंह राव हेही संस्थानाबाहेर पडून शिकले. शिक्षा तुरुंगाची नसली तरी घरच्यांचे कंबरडे मोडणारी होती: परगावचा खर्च, वाया गेलेले वर्ष आणि संस्थानातल्या नोकरीवर सोडलेले पाणी.

1947-48 च्या निजामविरोधी लढ्यात वॉरंट निघालेल्यांना कळमनुरी भागातून पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे. पलीकडे उमरखेडला सरहद्दीवरचा कॅम्प होता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली आणि त्या वह्यांचे भय संपले.

गंमत पुढेच आहे. 1972 पासून केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा पुरावा म्हणून तुरुंगाचा दाखला आणि भूमिगतांसाठी फरारी असल्याचा सरकारी कागद मागितला गेला. ज्याचे नाव पोलिसांनी नीट टिपले होते त्याचे काम सोपे झाले. जो कधी सापडलाच नाही, त्याला साक्षीदार शोधत फिरावे लागले.

स्वतंत्र भारतातही पोलिसांच्या गुप्त अहवालावर नोकऱ्या गेल्या. मध्य प्रदेशातल्या रामशंकर रघुवंशी या शिक्षकाला संघ-जनसंघाच्या कार्यक्रमांतल्या सहभागावरून काढण्यात आले होते. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे म्हणणे फेटाळले.

यादीत नाव चढल्याचे महाराष्ट्रातले अलीकडचे उदाहरण वर्ध्याचे. तिथल्या हिंदी विद्यापीठात विद्यार्थ्यांनी देशातल्या घटनांबद्दल पंतप्रधानांना पत्रे लिहिण्याचा कार्यक्रम ठरवला. 9 ऑक्टोबर 2019 रोजी सहा जणांना निष्कासित करण्यात आले. कारण दिले विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेचे. कार्यक्रमाला जमलेले सहाहून कितीतरी अधिक होते, मग हीच नावे का, असे निष्कासितांनी विचारले. चार दिवसांनी तांत्रिक त्रुटी आणि नैसर्गिक न्याय अशी कारणे देऊन विद्यापीठाने आदेश मागे घेतला.