जोखमीचं बाळंतपण: दवाखाना जवळचा की पुरेसा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाचीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन ओळी होत्या. वार खाली आहे, आणि ती जुन्या सिझेरियनच्या टाक्यांवर बसली आहे. तिचं हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही सिझेरियनने, देवळाली कॅम्पपासून जवळच्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये झालेली. घरात सगळ्यांचं मत एकच होतं: “डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत, दोन वेळा नीट झालं, तिसऱ्यांदा कुठं लांब जायचं?”

आम्ही पेशाने शिक्षक, डॉक्टर नाही. पण दुसऱ्या वेळी रात्री अकरा वाजता तिला रक्त लागलं, तेव्हा पिशवी आणायला भाचीचा नवरा मोटारसायकलवर नाशिकला पळाला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. दीड तास लागला. अल्लाहच्या मेहरबानीने निभावलं. घरच्यांच्या लक्षात “निभावलं” एवढंच राहिलं, तो दीड तास कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्या दीड तासासाठीच हा लेख लिहीत आहोत.

जोखमीचं कुणाचं?

बाळंतपण हा आजार नाही, बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात. पण काही गर्भवतींच्या बाबतीत अडचण येण्याची शक्यता आधीच दिसत असते. सरकारी भाषेत त्यांना ‘अतिजोखमीची माता’ म्हणतात. ढोबळ यादी अशी:

- वय १८ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त. उंची १४० सेंटिमीटरपेक्षा कमी.
- हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी.
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त.
- गरोदरपणातली साखर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर.
- आधीचं सिझेरियन, आधी मेलेलं मूल जन्मणं किंवा आधीच्या वेळी खूप रक्त जाणं.
- जुळी बाळं, पायाळू किंवा आडवं बाळ, खाली आलेली वार.
- आईचा रक्तगट निगेटिव्ह. थायरॉईड, हृदयाचा आजार, फिट्स.

आपल्याकडे नात्यात लग्नं होतात, म्हणून एक गोष्ट यात जोडावीशी वाटते. नवरा-बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. ही रक्ताची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्यावी. यात लाज कसली?

दर महिन्याच्या ९ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे. जोखीम आढळली तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. लाल स्टिकर पाहून घाबरायचं नाही, पण बाळंतपण कुठं करायचं हे त्याच दिवशी ठरवायला घ्यायचं. नवव्या महिन्यात नाही.

आपल्या कॅम्पची अडचण

कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाचं रुग्णालय आहे. मिलिटरी हॉस्पिटलही आहे, पण ते जवानांच्या कुटुंबांसाठी, आपल्यासारख्या सिव्हिलियन लोकांसाठी नाही. लॅम रोडने नाशिकरोडला गेलो की महापालिकेचं बिटको रुग्णालय. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं ‘सिव्हिल’, पंधराएक किलोमीटर. आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मधे खासगी दवाखाने पुष्कळ.

पहाटे चार वाजता हे अंतर काहीच नाही. संध्याकाळी सहा वाजता द्वारका चौकात अडकलं की तेच अंतर दुप्पट होतं. म्हणून किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. गर्दीच्या वेळी एकदा स्वतः जाऊन पाहा. आम्ही रिक्षाने जाऊन पाहिलं, आणि घरातला अर्धा वाद तिथंच मिटला.

माता-मृत्यू का होतात याची मांडणी अभ्यासकांनी १९९४ मध्ये ‘तीन उशीर’ अशी केली होती. घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोहोचायला उशीर, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला उशीर. आपण पहिल्या दोघांची चर्चा करतो. तिसरा उशीर दवाखाना निवडतानाच ठरून जातो. जवळच्या दवाखान्यात दहा मिनिटांत पोहोचलो, पण तिथं रक्तही नाही आणि भूल देणारे डॉक्टरही नाहीत, तर ती दहा मिनिटं काय कामाची?

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न

इमारत, एसी, टाइल्स यांवर जाऊ नका. कागद-पेन घेऊन जा आणि अदबीने विचारा. चांगले डॉक्टर रागवत नाहीत.

१. रात्री दोन वाजता सिझेरियन करावं लागलं तर किती मिनिटांत सुरू होईल? भूलतज्ज्ञ इथं हजर असतात की बाहेरून बोलवावे लागतात?

२. रक्त कुठून येतं? रक्तपेढी आवारात आहे की शहरातून आणावं लागतं? कोण आणतं? हे काम नातेवाइकांवर असेल तर ते आजच कळलेलं बरं.

३. बाळ मुदतीआधी आलं तर? बत्तीस आठवड्यांचं बाळ इथं सांभाळता येतं का? व्हेंटिलेटर आहे का, बालरोगतज्ज्ञ रात्री असतात का? जागा भरलेली असली तर बाळाला कुठं पाठवता?

४. आईसाठी आयसीयू आहे का? रक्तदाब वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट देण्याची सोय लागते, आणि त्यानंतर तिच्यावर नजर ठेवणारी माणसं लागतात.

५. माझ्या आजारासारख्या केसेस तुम्ही नेहमी हाताळता का? हृदयाचा आजार असेल तर हृदयरोगतज्ज्ञ, साखर असेल तर फिजिशियन सोबत असतील का?

६. तुमच्या हाताबाहेर गेलं तर कुठं पाठवता, आणि सोबत कोण येतं? “तशी वेळच येत नाही” हे उत्तर आलं तर सावध व्हा. वेळ सगळ्यांवर येते.

७. साध्या बाळंतपणाचा, सिझेरियनचा आणि बाळाच्या आयसीयूचा रोजचा खर्च किती? लेखी मिळेल का?

तिसरा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात ऑगस्ट महिन्यात ५५ नवजात बाळं दगावल्याची बातमी देशभर गाजली. बरीचशी बाळं मुदतीआधीची, कमी वजनाची आणि खासगी दवाखान्यांतून उशिरा आणलेली होती, असं रुग्णालयाने सांगितलं होतं. जागा कमी असल्याने एका वॉर्मरवर एकापेक्षा जास्त बाळं ठेवावी लागत होती. सिव्हिलला नावं ठेवायला हे सांगत नाही. गरिबाचा शेवटचा आधार तेच आहे. पण आईचं बाळंतपण एकीकडे आणि बाळाची काचपेटी दुसरीकडे, अशी पळापळ टाळायची असेल तर दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो.

पैशाचं काय?

सरकारी रुग्णालयात ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम’ २०११ पासून आहे. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येण्या-जाण्याची गाडी हे सगळं मोफत. गर्भवतीसाठी १०२ ची गाडी, तातडीसाठी १०८. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर या योजनेचं नाव घेऊन विचारा. ‘मातृवंदना’ योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात.

मोठ्या खासगी रुग्णालयांपैकी काही धर्मादाय ट्रस्टची असतात. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड सातव्या महिन्यातच तयार ठेवा. दारात कळा चालू असताना तहसीलला कोण जाणार?

२०२५ च्या मार्चअखेरीस पुण्यात जुळी बाळं पोटात असलेल्या एका जोखमीच्या गर्भवतीला मोठ्या रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितली, असा आरोप तिच्या कुटुंबाने केला. तिला दुसरीकडे न्यावं लागलं. मुली वाचल्या, आई गेली. दोष कुणाचा यावर बरंच बोललं गेलं. आपण त्यातून एवढं शिकावं की अनामत किती, कधी आणि कुणाला भरायची हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यायचं. तातडीच्या रुग्णाला पैशासाठी प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, हेही घरातल्या एकाला तरी माहीत पाहिजे.

आपल्या घरातले प्रश्न

लेडी डॉक्टरच हव्यात ही इच्छा रास्त आहे. नाव नोंदवतानाच ती सांगावी, बहुतेक ठिकाणी मान ठेवतात. पण रात्रीच्या ड्युटीवर भूल देणारे पुरुष असले म्हणून ऑपरेशन थांबवू नये. जीव वाचवण्याची गरज मोठी आहे, आणि हे आपले उलमाही सांगतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज चांगला आहे. पण माहेर असं असेल की रक्तपेढी दोन तासांवर, तर जोखमीच्या मुलीला तिकडे नेऊ नका. अम्मीलाच इकडे बोलवा.

रमजान आला आणि साखर किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नका. गर्भवतीला शरियतने सवलत दिली आहे. सवलत घेणं हा ईमानचा कमीपणा नव्हे.

बॅग भरायच्या आधी

सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये, वर रक्तगट मोठ्या अक्षरात. रक्तदान करू शकतील अशा चार नातेवाइकांचे नंबर. आईचा गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण: २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत. सही कोण करणार, हे आधी ठरलेलं. नवरा आखातात नोकरीला असेल तर हे फारच महत्त्वाचं. आणि ही लक्षणं दिसली तर सासूबाईंच्या परवानगीची वाट न पाहता निघायचं: जोराची डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं.

भाचीचं काय झालं?

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं होतं की आधी दोन सिझेरियन झालेली असताना वार खाली आली, तर शंभरातल्या सुमारे चाळीस जणींमध्ये ती गर्भपिशवीत रुतलेली निघते. आम्ही हा आकडा घरात सांगितला तेव्हा भाचीच्या सासूबाई गप्प झाल्या. जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी स्वतःच सांगितलं, “ही केस माझ्याकडे ठेवू नका.” त्या एका वाक्यासाठी आम्ही त्यांचे आभारी आहोत.

नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात पस्तिसाव्या आठवड्यात तारीख ठरवून सिझेरियन झालं. रक्ताच्या पाच पिशव्या आधीच तयार होत्या, पाचही लागल्या. वार रुतलेलीच होती. गर्भपिशवी काढावी लागली. मुलगी नऊ दिवस काचपेटीत राहिली.

“अजून एक मुलगा झाला असता,” असं कुणीतरी नात्यातलं म्हणालंच. तेव्हा सासूबाईंनी उत्तर दिलं, “माझी सून घरी आली, एवढं बस आहे.”

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून दुआ मागणं नव्हे. उंट आधी बांधायचा असतो. तुमच्या घरात कुणाच्या कार्डावर लाल स्टिकर असेल, तर हे सात प्रश्न आज रात्रीच कागदावर उतरवून घ्या आणि उद्या सकाळी निघा.