लाइनबॅकरची खरी किंमत

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणारे ११ खेळाडू साधारण तीन फळ्यांत उभे राहतात. मधली फळी लाइनबॅकरची. धावणाऱ्याला रोखणे, पास अडवणे, कधी थेट पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चालून जाणे, हे सारे त्याच्याकडेच येते.

त्याचे मोल टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला पाडण्याच्या, संख्येवरून ठरवणे फसवे आहे. धावणारा आठ यार्ड पुढे गेल्यावर केलेला टॅकल आणि धावणाऱ्याला जागीच थोपवणारा टॅकल, नोंदीत दोन्ही सारखेच.

बॉल्टिमोर रेव्हन्स संघाचा लाइनबॅकर रे लुईस याचेच पाहावे. २००० च्या हंगामात या संघाने १६ सामन्यांत अवघे १६५ गुण दिले आणि सुपर बोल या अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सना ३४-७ असे हरवले. त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू लुईस ठरला. मात्र त्याच्यापुढच्या फळीत सॅम ॲडम्स आणि टोनी सिरागुसा हे धिप्पाड खेळाडू होते. वाट अडवणाऱ्या प्रतिस्पर्धी ब्लॉकरना ते स्वतःशी गुंतवून ठेवत, म्हणून लुईसला चेंडूकडे वाट मिळे. ती वाट क्षणात ओळखून तिथे सर्वांआधी पोहोचणे हे मात्र निखळ त्याचेच कसब.

आज पासचे प्रमाण वाढल्याने संघ अनेकदा एक लाइनबॅकर कमी करून मागे जादा बचावपटू उतरवतात. मैदानात उरलेल्यांना त्यामुळे अधिक जागा सांभाळावी लागते, आणि वेगवान, जाणता लाइनबॅकर आणखी मोलाचा ठरतो.