मलिक अंबर आणि आपला सुपे परगणा

शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ज्या निजामशाहीसाठी ते लढले, तिचा कारभार तेव्हा कुणाच्या हाती होता, असं विचारलं की 'कुणीतरी हबशी गुलाम' यापुढे गाडी जात नाही.

हा मलिक अंबर. गुलाम होता हे खरं, अडाणी होता हे साफ खोटं. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू लहानपणीच विकला गेला. बगदादच्या मीर कासिमने त्याला शिकवलं, हिशेब-कारभारात तयार केलं, अंबर हे नाव दिलं. पुढे अहमदनगरचा पेशवा चंगेजखान, तोही हबशीच, याने त्याला विकत घेतलं. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. 'मलिक' हा किताब त्याला विजापूरच्या चाकरीत मिळाला.

तो सुलतान होता, हाही गैरसमजच. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर त्याने परांड्याला मुर्तजा निजामशहाला तख्तावर बसवलं, त्याला आपली मुलगी दिली आणि स्वतः शेवटपर्यंत कारभारीच राहिला.

त्याला निव्वळ लढवय्या समजणं मला सगळ्यात खटकतं. गाव मक्त्याने घेणारा मक्तेदार आपले पैसे सुटेपर्यंत रयतेला पिळायचा. पुढच्या साली तिच्या घरात बियाणं उरेल का, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. अंबरने ही मक्तेदारी मोडली. जमिनीचा कस आणि पीक बघून धारा ठरवला. आधी धान्यात, मग रोखीत. दादोजी कोंडदेवांनी शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीत हाच मलिकंबरी धारा चालवला. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे ते हेच.

'मराठ्यांचा वैरी' म्हणणाऱ्यांनी 1624 ची भातवडी आठवावी. अंबरने तळं फोडून मोगल-आदिलशाही छावणीत चिखल केला, आणि त्याच्या बाजूने शहाजीराजे व त्यांचे भाऊ शरीफजी लढत होते. शरीफजी तिथेच कामी आले.

औरंगजेबाने औरंगाबाद वसवलं म्हणतात. त्याने नाव दिलं. शहर अंबरचं, 1610 चं खडकी.

जहांगीर अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय, असं अबुल हसनचं चित्र आहे. ते पाहून बादशहानेच त्याला मारलं, असं वाटतं. प्रत्यक्षात दोघांची कधी गाठही पडली नाही. अंबर 1626 साली म्हातारपणी वारला. निजामशाहीचा दौलताबाद किल्ला मोगलांच्या हाती लागला तो त्यानंतर सात वर्षांनी, 1633 साली.