चिंच, राख आणि सोडा

घराची स्वच्छता हा विषय पुष्कळांस क्षुल्लक वाटतो. काव्य, इतिहास, प्रवास यांवर लेखणी चालवावी. भांडीं घासण्याविषयीं काय लिहावयाचें, असें कित्येक म्हणतील. परंतु रसायनशास्त्राचे जे नियम आपण प्रयोगशाळेंतील कांचेच्या नळ्यांत पाहतों, तेच नियम घरोघर मोरीवर आणि ओट्यावर रोज चालत असतात. तेथें त्यांस कोणी नांव देत नाहीं, इतकेंच. आजीच्या हातांतील चिंचेचा चोथा आणि विज्ञानाच्या गुरुजींच्या हातांतील आम्लाची कुपी हीं एकाच कुळांतील होत. तेव्हां स्वयंपाकघरांतील नेहमींचे पदार्थ कोणत्या मळावर चालतात, कां चालतात व कोठें चालवूं नयेत, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांतील शेवटचा भाग केवळ सोयीचा नसून जिवाच्या रक्षणाचा आहे. तो तरी वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम मळ म्हणजे काय, तें पाहूं. घरांत सामान्यतः तीन जातींचा मळ आढळतो. पहिला तेलकट, तूप, तेल आणि फोडणीचा धूर यांचा चिकटा तो हाच. दुसरा धातूवरील, तांब्यापितळेचा हवेंतील प्राणवायूशीं व ओलाव्याशीं संयोग होऊन त्यावर जो काळसर किंवा हिरवट थर चढतो तो. तिसरा खडूसारखा पांढरा; जड पाणी तापवितांना भांड्याच्या बुडाशीं जमतो तो. तेलकट मळावर अल्क, म्हणजे जुन्या लोकांचा क्षार, उपयोगी पडतो. उरलेल्या दोहोंवर आम्ल, म्हणजे आंबट पदार्थ, उपयोगी पडतो. हा एक नियम ध्यानांत ठेविला, म्हणजे शंभर युक्त्या पाठ करण्याचें कारण उरत नाहीं.

आतां आंबटापासून आरंभ करूं. तांब्याचा हंडा किंवा पितळी समई चिंचेनें घासली कीं क्षणांत लखलखते, हें सर्वांनीं पाहिलें आहे. चिंचेच्या गरांत टार्टारिक आम्ल विपुल असतें. लिंबाच्या रसांत सायट्रिक आम्ल असतें. ताकांत लॅक्टिक आम्ल असतें. कोंकणांत सार करून उरलेलीं आमसुलें टाकून न देतां भांड्यांस लावितात, तेंही याच कारणानें. हीं आम्लें धातूवरील काळ्या थरास विरघळवितात आणि खालची स्वच्छ धातु उघडी पडते. सोबत मिठाची चिमूट घेतली, तर मिठाचे कण घासण्याचें काम करितात आणि मिठांतील क्लोरीनचा अंश तांब्याच्या संयुगांस विरघळण्यास साहाय्य करितो. मात्र काम झाल्यावर भांडें भरपूर पाण्यानें धुवून कोरडें पुसलें पाहिजे. आंबटाचा अंश मागें राहिला, तर दुसऱ्याच दिवशीं भांडें पूर्वींपेक्षां अधिक डागाळलेलें दिसतें. तसेंच पितळ आंबटांत फार वेळ भिजत ठेवूं नये. पितळ हें तांबें व जस्त यांचें मिश्रण असल्यामुळें त्यांतील जस्त आधीं निघून जातें आणि भांड्यावर तांबूस चट्टे उमटतात.

ज्या गुणामुळें आंबट पदार्थ भांडें उजळतो, त्याच गुणामुळें तो अन्न बिघडवितो. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यांत ताक किंवा आमटी राहिली, तर तीं कळकतात, असें आपण म्हणतों. कळकणें म्हणजे आम्लानें तांबें विरघळवून तें अन्नांत आणणें. असें अन्न पोटांत गेलें असतां मळमळ व ओकारी होते. यास्तव आपल्या पूर्वजांनीं कल्हईचा उपाय योजिला. कल्हईवाला भांडें तापवून त्यांत नवसागराची पूड टाकतो, तेव्हां धातूवरील मळ निघून जातो. मग कथील फिरवून तें कापसाच्या बोळ्यानें सर्वत्र सारखें करितो. कथील सुमारें २३२ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळत असल्यामुळें हें काम साध्या भात्यावरही होतें. कल्हई झिजून आंतून पिवळा किंवा तांबडा रंग दिसूं लागला, कीं त्या भांड्यांत आंबट शिजवूं नये आणि सांठवूंही नये. ज्या घरांतून जुनीं भांडीं हौसेनें पुन्हां वापरांत आलीं आहेत, तेथें हा नियम विशेष पाळला पाहिजे.

आतां राखेकडे वळूं. चुलींतील लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचा क्षार असतो. पूर्वीं युरोपांत राखेचें पाणी मडक्यांत आटवून हा क्षार काढीत, म्हणून त्यास इंग्रजींत मडक्याची राख या अर्थाचें पोटॅश हें नांव पडलें. आणि याच पोटॅशपासून सर हंफ्री डेव्ही यानें १८०७ सालीं विजेच्या साहाय्यानें पोटॅशियम ही नवी धातु वेगळी केली. तुपकट भांड्यास राख लाविली, म्हणजे तिच्यांतील क्षाराचा तेलाशीं थोडा संयोग होऊन साबणच तयार होतो. शिवाय राखेचे बारीक कण मळ खरवडतात आणि नारळाच्या शेंडीनें घासण्याच्या कामीं हात चालतो. दगडी कोळशाच्या राखेंत हा क्षार जवळजवळ नसतो. म्हणून ती खरवडते, पण तेल तोडीत नाहीं. शहरांतून चुली गेल्या व राखही गेली. तिच्या जागीं वडी आणि पातळ साबण आले. पण काम तेंच राहिलें.

रिठ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें पाण्यांत फेंस आणतें व तेलकट मळ उचलून धरितें. परंतु त्यांत राखेसारखा तिखट क्षार नसतो. रेशीम व लोंकर यांचे तंतु क्षारानें खराब होतात. म्हणून पैठणी, शालजोडी व सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यानें धुण्याची जी चाल आहे, ती सर्वथैव शास्त्रशुद्ध आहे.

सोड्याविषयीं मात्र बराच गैरसमज आहे. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे दोन भिन्न पदार्थ होत. पहिला सौम्य असून दुसरा तीव्र आहे, व तो डोळ्यांत अगर पोटांत जाऊं देतां कामा नये. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यांत पाणी व खाण्याचा सोडा घालून तें उकळविलें, तर चिकटलेला थर सुटतो. परंतु ज्यांस आपल्याकडे जर्मनचीं भांडीं म्हणतात, त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांस सोडा लावूं नये. क्षारानें त्यांवरील संरक्षक पापुद्रा विरतो व भांडें काळें पडतें.

सोडा आणि व्हिनेगर अथवा लिंबू एकत्र ओतून फेंस आला, कीं मोठी शुद्धि झाली असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक आम्ल व अल्क एकत्र येतांच एकमेकांचें बळ नाहींसें करितात. जो फेंस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो, आणि खालीं राहतें तें बहुतेक खारट पाणी. त्या बुडबुड्यांनीं सैल घाण किंचित् हालत असेल. पण दोन्ही पदार्थ वेगवेगळे वापरले असते, तर दोहोंचेंही काम अधिक झालें असतें. दोन पहिलवानांस ओझें उचलण्यासाठीं बोलवावें आणि त्यांनीं आपसांतच कुस्ती करून थकून जावें, तसा हा प्रकार आहे.

तिसऱ्या जातीचा मळ जड पाण्याचा. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यांत चुन्याचे क्षार विरलेले असतात. पाणी तापलें म्हणजे ते कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपानें किटलीच्या बुडाशीं बसतात. अशा किटलींत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेलें पाणी तापवून कांहीं वेळ ठेविलें, तर तो थर विरघळून निघतो. परंतु येथेंही सावधगिरी हवी. आपल्याकडील शहाबादी फरशी व ओट्याचा काळा कडप्पा हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच गोत्रांतील आहे. जें आम्ल किटलींतील थर खातें, तेंच फरशीही खातें. म्हणून कडप्प्यावर लिंबू पिळून राहिलें, तर तेथील तकाकी कायमची जाते. अशा दगडांस साधें साबणाचें पाणी पुरे.

विद्यार्थ्यांस घरीं करून पाहतां येईल असा एक सोपा प्रयोग येथें सांगतों. हळद पाण्यांत कालवून पांढऱ्या कागदास लावावी व कागद वाळवावा. त्यावर लिंबाचा थेंब टाकला, तर रंग पिवळाच राहतो; साबणाचा किंवा धुण्याच्या सोड्याचा थेंब टाकला, तर तो तांबडा होतो. हळदीचा डाग साबण लावतांच लाल कां होतो व पाण्यांत खळबळल्यावर पुन्हां पिवळा कां होतो, याचें उत्तर यांतच आहे. कोणता पदार्थ अल्क आहे, हें त्या कागदानें घरच्या घरीं ओळखतां येतें. डाग स्वतः मात्र साबणानें पूर्ण जात नाहीं. तें वस्त्र धुवून उन्हांत वाळविलें, म्हणजे सूर्यप्रकाशानें हळदीचा रंग हळूहळू उडतो.

आतां आरंभीं सांगितलेल्या शेवटच्या भागाकडे येऊं. लिंबाच्या रसांतून सायट्रिक आम्ल स्फटिकरूपानें १७८४ सालीं ज्यानें वेगळें केलें, त्या कार्ल विल्हेम शील नांवाच्या स्वीडनमधील औषधविक्रेत्यानेंच १७७४ सालीं क्लोरीन वायु प्रथम तयार केला. या वायूपासून पुढें विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, निघाली. तिनें पाणी शुद्ध होतें, कपडे पांढरे होतात, मोरींतील जंतु मरतात. तिचे उपकार थोर आहेत. परंतु त्या पुडींत किंवा तशाच पातळ द्रवांत आम्ल मिसळलें, कीं बांधलेला क्लोरीन पुन्हां मोकळा सुटतो. हाच तो वायु, जो २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ रणांगणावर सोडण्यांत आला आणि ज्यानें सैनिकांचीं फुप्फुसें जाळलीं. शौचकूप धुण्याचें तीव्र आम्ल व विरंजक द्रव हे दोन्ही बहुतेक घरांत एकाच फळीवर ठेविलेले असतात. दोन औषधांनीं दुप्पट स्वच्छता होईल, अशा समजुतीनें जो तीं खिडकी नसलेल्या न्हाणीघरांत एकत्र ओततो, तो नकळत तेंच रणांगण घरांत आणतो. व्हिनेगर व लिंबू यांसही हाच नियम लागू आहे. नवसागराचा किंवा अमोनियाचा अंश असलेलें द्रव्यही विरंजकांत मिसळूं नये. त्यांतूनही घातक वायु निघतो.

म्हणून एक वेळीं एकच द्रव्य वापरावें; तें पाण्यानें पूर्ण धुवून काढल्यावांचून दुसरें हातीं घेऊं नये; दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या. चुकून उग्र वास आला व घसा खवखवूं लागला, तर तेथें थांबून आवरीत बसूं नये. तत्काळ मोकळ्या हवेंत यावें, डोळे पाण्यानें धुवावे आणि वैद्यास दाखवावें. तसेंच अशीं द्रव्यें सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत कधींही भरून ठेवूं नयेत. तहानलेलें मूल बाटलीचा आकार पाहतें, आंतील द्रव्य पाहत नाहीं.

एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. घर स्वच्छ ठेवण्याचें काम बहुधा आईकडे, बहिणीकडे किंवा कामास येणाऱ्या बाईकडे असतें, आणि ह्या द्रव्यांचा धूर व दाह त्यांच्याच वाट्यास येतो. बाटलीवरील सूचना बारीक अक्षरांत व पुष्कळदां परक्या भाषेंत छापलेली असते; जिला शाळा लाभली नाहीं, तिला ती वाचतां येत नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलानें ती मोठ्यानें वाचून तिचा अर्थ सांगावा, दोन बाटल्या निरनिराळ्या फळ्यांवर ठेवाव्या, आणि रविवारीं अस्तन्या सारून निम्मीं भांडीं आपण घासावीं. रसायनशास्त्राच्या परीक्षेंत मिळालेले गुण प्रगतिपुस्तकांत राहतात. पण त्या शास्त्राचा हा उपयोग ज्या घरांत झाला, तेथील माणसें सुखरूप राहतात. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं दोन्ही साधावीं, एवढीच इच्छा आहे.