शिंगांनाही कवटी लागते

ज्याचा जन्म कोठेच झाला नाही, ज्याला कोणी कधी पाहिले नाही आणि ज्याच्या अस्तित्वाचा दाखला कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही, अशा व्यक्तीचे हुबेहूब व्यक्तिचित्र काढण्याचा उद्योग सध्या जगभर मोठ्या हौसेने चालला आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि मेजाभोवती बसलेल्या प्रत्येक खेळाडूस आपापले एक पात्र निर्माण करण्याची मुभा मिळाली. त्या पात्राचा वंश, व्यवसाय, शस्त्रे व बलाबल यांची कागदावर रीतसर नोंद होई, परंतु नोंदीला चेहरा नसतो, आणि तो चेहरा पुरविण्याची कामगिरी ओघानेच चित्रकारांकडे आली. पुढे १९९० साली फोटोशॉप अवतरले, १९९४ मध्ये त्यात चित्राचे थर, म्हणजे ज्यांना आता सर्वजण लेयर म्हणतात ते, एकावर एक रचण्याची सोय झाली, हाताचा दाब ओळखणारी लेखणी व टॅब्लेट कालांतराने मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आले, आणि आज पुण्यातील एखादी महाविद्यालयीन विद्यार्थिनीदेखील रात्री अभ्यास आटोपल्यावर शिंगे असलेल्या एखाद्या रणरागिणीचे चित्र रंगवीत बसलेली आढळते. ते पुरे झाले, किंवा पुरे होत आले, की ती ते कोणापुढे तरी धरते आणि विचारते, ‘कसं झालंय?’

या प्रश्नाला बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. ‘मस्त!’ हे पहिले, ज्यात सौजन्य भरपूर असले तरी माहिती शून्य असते. आणि ‘अ‍ॅनॅटॉमी चुकली आहे’ हे दुसरे, ज्यात कारणे न देता फैसला तेवढा सुनावलेला असतो. पहिल्याने चित्रकर्ती सुखावते आणि दुसऱ्याने खचते, पण आपली लेखणी चित्राच्या नेमक्या कोणत्या भागावर टेकवावी हे तिला दोहोंपैकी कोणत्याही उत्तराने उमगत नाही, आणि तिला तेवढेच तर हवे असते.

प्लिनी या रोमन ग्रंथकाराने निसर्गविषयक आपल्या बृहद्ग्रंथात अपेलीझ नावाच्या ग्रीक चित्रकाराची एक हकिकत नोंदविली आहे. हा अपेलीझ आपली चित्रे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेस पडतील अशी मांडून ठेवी आणि स्वतः मागे दडून लोकांचे बोलणे ऐके. एकदा पादत्राणे करणाऱ्या एका कारागिराने चित्रातील वहाणेला एक बंद कमी असल्याचे दाखविले, अपेलीझने ती चूक निमूटपणे दुरुस्त केली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शेऱ्याचा झालेला हा सन्मान पाहून हुरळलेला तो कारागीर पायाच्या घडणीविषयीही बोलू लागला, तेव्हा चित्रकाराने बाहेर येऊन त्याला वहाणेच्या वर न चढण्याची ताकीद दिली. ही हकिकत बहुतेक वेळा टीकाकारांची तोंडे बंद करण्यासाठी सांगण्यात येते. मला मात्र तिचा पूर्वार्ध अधिक मोलाचा वाटतो, कारण त्या कारागिराने ‘वहाणा काही जमल्या नाहीत’ असे मोघम विधान न करता कोठे, काय आणि किती कमी आहे याचा तपशील दिला होता, आणि म्हणूनच एका रात्रीत दुरुस्ती होऊ शकली. उत्तरार्धाविषयी अपेलीझशी माझा मतभेद आहे. पाय पाहताना आपल्याला काहीतरी खटकते, एवढे सांगण्याचा अधिकार कोणाही डोळसाला आहे. खटकण्याचे कारण कोणते आणि त्यावर उपाय काय, हे ठरविण्याचा अखत्यार तेवढा चित्रकाराचा.

कल्पित पात्रांच्या बाबतीत या साध्या व्यवहारात एक नवीच अडचण उपस्थित होते. दोष दाखविला रे दाखविला की चित्रकार म्हणतो, ‘अहो, ही फँटसी आहे, या जमातीची मान अशीच असते.’ ही कैफियत वरकरणी बिनतोड भासते, कारण त्या जमातीतील दुसरी मान आणून मुकाबला करण्याची सोय नसते. तथापि ज्या वस्तू जगात नाहीत त्यांवर प्रेक्षकाचा विश्वास बसावयाचा तर ज्या वस्तू जगात आहेत, म्हणजे प्रकाश, हाड, वजन, कातडी, त्यांचे नियम अशा चित्रात अधिकच काटेकोरपणे पाळावे लागतात. मराठी प्रेक्षकाला हे काही अपरिचित नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला तेव्हापासून ते रघुवीर मुळगावकरांच्या दिनदर्शिकांपर्यंत देवदेवतांच्या तसबिरी आपल्या भिंतींवर नांदत आल्या आहेत, आणि चतुर्भुज देवतेच्या बाहूंची दुसरी जोडी खांद्याच्या कोणत्या हाडातून निघते, हा बिकट प्रश्न अशा तसबिरींत बहुधा शेला, पुष्पमाला किंवा मोकळे केस यांच्या आड तो सांधा ठेवून मोठ्या चतुराईने सोडविलेला दिसतो. गणपतीच्या चित्रात हत्तीचे मस्तक मानवी धडाला जेथे मिळते तेथे अलंकारांची दाटी का असते, याचाही थोडा उलगडा त्यावरून होईल. चित्रकाराला सांध्याची काळजी होती, म्हणून भक्ताला ती करावी लागली नाही.

आता त्या विद्यार्थिनीचे चित्र समोर आहे असे धरून चालू. पात्र स्त्रीचे, डोक्यावर मागे वळलेली दोन शिंगे, लांब निमुळते कान, कातडी हिरवट, खांद्यावर लोखंडी चिलखत. रात्रीची वेळ, डावीकडे वर चंद्र, उजवीकडे खाली शेकोटी. अभिप्राय देणाऱ्याने पहिली गोष्ट करावयाची ती ही, की आपले मत काही काळ खिशात ठेवून तिला विचारावयाचे, ‘तुला यात काय दाखवायचं होतं? आणि चित्र अजून चालू आहे की संपलं?’ ही बाई दमलेली दाखवावयाची असेल तर खाली ओघळलेले खांदे हा गुण ठरेल, आणि ती आव्हान देत उभी असेल तर तेच खांदे दोष ठरतील. हेतू ठाऊक नसताना केलेली टीका ही दुसऱ्याच एखाद्या चित्रावरची टीका असते. चालू कामावरचा अभिप्राय आणि पूर्ण झालेल्या कामावरचा अभिप्राय यांतही अंतर आहे, कारण पहिल्यात खोडण्यासारखे पुष्कळ असते आणि दुसऱ्यात पुढच्या चित्रासाठी शिदोरी तेवढी द्यावयाची असते.

मग प्रकाश. या जातीच्या चित्रांतील निम्म्याहून अधिक तक्रारी, माझ्या मते, चेहऱ्याच्या नावावर नोंदल्या जात असल्या तरी वस्तुतः प्रकाशाच्या असतात. शेकोटी खाली आहे म्हटल्यावर नाकाचा खालचा भाग, भुवईच्या कडेची खालची बाजू आणि हनुवटीचा तळ उजळला पाहिजे. परंतु आपण माणसांचे चेहरे आयुष्यभर आकाशातून किंवा छतावरून येणाऱ्या उजेडात पाहिलेले असल्यामुळे हात सवयीनेच नाकाखाली सावली घालून मोकळा होतो, आणि नंतर भोवताली कितीही नारिंगी रंग फासला तरी ती आग चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. चंद्राचा शीतल प्रकाश डाव्या कपाळावर आणि विस्तवाचा उष्ण प्रकाश उजव्या गालाखाली, असे दोन प्रदेश झाले की त्यांच्या सीमेवर, जेथे दोहोंपैकी कोणाचाही अंमल पुरता पोहोचत नाही, तेथे एक काळोखा पट्टा राहतो. तो पट्टा चित्रकाराने गुळगुळीत ब्रशने पुसून टाकला असेल तर चेहरा सपाट किंवा प्लास्टिकचा दिसू लागतो. हिरवी कातडी तांबूस उजेडात हिरवीगार दिसत नाही, ती मळकट तपकिरीकडे झुकते. आणि लोखंडाला स्वतःचा करडा रंग देऊन भागत नाही, त्यात चंद्र आणि शेकोटी दोघांचेही तुकडे प्रतिबिंबित व्हावे लागतात.

कानांचा विषय निराळा व मोठा मनोरंजक आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात सा. ल. हळदणकर यांचे हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे सुप्रसिद्ध जलरंगचित्र आहे, जे पुष्कळ लोक अद्याप रविवर्म्यांचे समजतात. त्या स्त्रीने ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटे आतून तांबूस झाल्यासारखी दिसतात, कारण प्रखर उजेड मांसातून काही अंशी पार होतो आणि येताना रक्ताचा रंग घेऊन येतो. पातळ, लांब कानांमागे प्रकाश असेल तर तेथेही हेच घडले पाहिजे. म्हणून आमच्या त्या शिंगवालीच्या चित्रकर्तीला मी प्रथम विचारीन की, या बाईच्या रक्ताचा रंग कोणता? तिने निळा असे उत्तर दिले तर शेकोटीकडील कानाच्या पाळीतून लाल झाक न येता दुसरीच कोणती तरी अनोखी झाक यावयास हवी, आणि असा एक कान त्या परक्या वंशाविषयी जे सांगून जाईल ते दहा पानांच्या टिपणानेही साधणार नाही. हा प्रश्न विचारताना आपण तिच्या कल्पनेला आळा घालीत नसून ती तिच्या शेवटापर्यंत नेत असतो, आणि फँटसीवर अभिप्राय देण्यातली गंमत मला तरी येथेच सापडते.

शिंगांचेही तसेच. गाय, म्हैस, मेंढा यांच्या शिंगांत कपाळाच्या हाडाचाच एक गाभा असतो व त्यावर नखासारख्या द्रव्याचे आवरण चढलेले असते. सांबराची शिंगे निव्वळ हाडाची असतात आणि ती वेळोवेळी गळून पडतात. चित्रातली शिंगे यांपैकी कोणत्या घराण्यातली, हे एकदा ठरले म्हणजे ती कपाळात कोठे रुजली, मुळाशी कातडी कशी जाड झाली, केस त्यांना वळसा घालून कसे गेले, आणि एवढा भार पेलणारी मान बकोटीएवढी बारीक कशी राहील, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. बहुतेक नवशिक्यांच्या चित्रांत शिंगे केसांवर ठेवलेली असतात, डोक्यातून निघालेली नसतात. ‘शिंगं उपरी वाटतात’ एवढे म्हणून थांबण्यापेक्षा ‘डाव्या शिंगाच्या मुळाशी मला कवटी जाणवत नाही’ असे म्हणावे. पहिले वाक्य चित्राची अवहेलना करते, दुसरे तेथे जाऊन बोट ठेवते.

क्रमाचेही भान हवे. घराचा पाया खचलेला असताना कौले शाकारण्यात जसा अर्थ नसतो, तसा कवटीचे माप चुकले असताना पापण्यांच्या केसांची तारीफ करण्यात किंवा त्यांत चुका काढण्यात अर्थ नाही, कारण कवटी दुरुस्त करताना त्या पापण्या खोडाव्याच लागणार. आधी उजेडकाळोखाची मोठी विभागणी, मग डोक्याची ठेवण, मग अवयवांची स्थाने. डोळे डोक्याच्या उंचीच्या सुमारे मध्यावर येतात हे एवढे साधे सूत्रसुद्धा केसांच्या झुपक्याखाली हरवलेले आढळते. चिलखताचे पट्टे, बकले आणि कलाकुसर यांची पाळी शेवटी.

यंत्राने या परीक्षेसाठी काही उत्तम साधने दिली आहेत. आपले चित्र आरशात पाहावे, म्हणजे ते परक्याच्या हातचे असल्यासारखे भासून त्यातील दोष लवकर ध्यानी येतात, असा उपदेश लिओनार्दो दा विंचीने करून ठेवला आहे; संगणकावर एक कळ दाबताच चित्र उलटे फिरते, आणि आरशाचे काम होते. रंग काढून टाकून ते करड्या छटांत पाहिले की उजेडकाळोखाचा हिशेब उघडा पडतो, आणि अंगठ्याएवढे लहान करून पाहिले की चेहरा दुरून ओळखू येतो किंवा नाही हे कळते. खेळाच्या मेजावर तो पुष्कळदा तेवढाच दिसणार असतो.

लेयरच्या सोयीमुळे अभिप्रायाचा आणखी एक प्रकार रूढ झाला आहे, तो म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावर नवा लेयर घेऊन त्यात आपल्या हाताने सुधारणा करून दाखविणे. पूर्वी गुरुजी विद्यार्थ्याच्या कागदावरच पेन्सिल चालवीत आणि मूळ रेघ कायमची जाई. येथे मूळ चित्र शाबूत राहते, आणि जे शब्दांत सांगता येत नाही ते दोन रेघांत दाखविता येते. पण ही गोष्ट परवानगीवाचून करू नये, आणि केलीच तर मोजक्या रेघांत आटोपावी. एखादा निष्णात हात त्या भरात पूर्ण चेहराच नव्याने रंगवितो, तेव्हा विद्यार्थिनीपुढे जे उरते ते तिचे चित्र नसते, आणि जबड्याचा कोन कोठे चुकला होता हे शोधण्याचे तिचे काम दुप्पट होते. पैसे घेऊन, म्हणजे कमिशनवर, काढलेल्या चित्राबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. तेथे पात्राच्या डोळ्यांचा रंग किंवा गालावरचा व्रण या बाबी चित्र मागविणाऱ्याने मंजूर केलेल्या असतात, आणि त्यांविषयीची आपली नापसंती हा आपला खाजगी मामला होय.

राहता राहिला परस्परविरुद्ध अभिप्रायांचा प्रश्न, ज्याने नवे चित्रकार हटकून गोंधळतात. एकजण म्हणतो नाक वाकडे आहे, दुसरा म्हणतो डोळ्यांत फार अंतर पडले, तिसरा म्हणतो बाई ओळखीची वाटत नाही; तिघांचे उपाय तीन दिशांना जातात, आणि तिन्ही एकदम अमलात आणले तर चित्राची वाट लागते. अशा वेळी उपाय बाजूस ठेवून तिघांची बोटे चित्राच्या कोणत्या प्रदेशावर पडली तेवढे पाहावे. पाऊण वळलेल्या चेहऱ्यात दूरचा डोळा जवळच्या डोळ्यापेक्षा अरुंद दिसावयास हवा, आणि तो हौसेने जवळच्याइतकाच रुंद रंगविला की डोळ्यांमधील जागा, नाकाची रेषा आणि ओळख या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. तो डोळा दोन केसांइतका आवळला की नाकाला हात न लावताही ते बहुधा सरळ दिसू लागते.