आकाशवाणी सरकारची की श्रोत्यांची?

आकाशवाणी म्हणजे सरकारी खातं आणि खासगी माध्यमं म्हणजे स्वतंत्र, अशी सरळ वाटणी रत्नागिरीतही सर्रास केली जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रसार भारती कायदा १९९० साली संमत झाला आणि १९९७ साली अमलात आला. तेव्हापासून रत्नागिरी केंद्रासह संपूर्ण आकाशवाणी एका वैधानिक महामंडळाकडे आहे. नागरिकांना मोकळेपणाने, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपणं, परस्परविरोधी मतांना जागा देणं आणि शेती, आरोग्य, ग्रामविकास यांकडे विशेष लक्ष देणं ही कर्तव्यं याच कायद्याने घालून दिली आहेत. यावर आक्षेप असा, की पगार केंद्र सरकारच्या अनुदानातून होत असतील तर ही स्वायत्तता कागदावरचीच. आक्षेपात तथ्य आहे. ठरावीक कारणांसाठी प्रसारणाबाबत निर्देश देण्याचा अधिकारही सरकारने याच कायद्यात स्वतःकडे ठेवला आहे. पण म्हणून लोकसेवा प्रसारणच नको, हा निष्कर्ष निघत नाही. कायद्याने दिलेलं वचन पुरं करून घेण्याचा हक्क श्रोत्यांना आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

दुसरा गैरसमज जाहिरातींचा. जाहिरात आली की प्रसारण व्यापारी झालं, असं मानलं जातं. प्रत्यक्षात विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती आहेत. खरा फरक जाहिरात नसेल तेव्हा दिसतो. व्यापारी माध्यमाला खर्च भरून काढण्यासाठी जाहिरातदाराला हवा असलेला ग्राहक गाठावा लागतो. हा दोष नव्हे, ते त्या व्यवसायाचं गणित आहे. मात्र हर्णैच्या मच्छीमाराला समुद्र खवळण्याचा इशारा किंवा आंबा बागायतदाराला मोहोरावरच्या तुडतुड्यांबद्दलचा सल्ला त्या गणितात बसेलच असं नाही. लोकसेवा प्रसारणाने तो द्यायचा असतो, कारण त्याची गरज आहे, मग प्रायोजक मिळो न मिळो.

खासगी रेडिओ बातम्यांच्या बाबतीत अधिक मोकळा असतो, हा तिसरा समज. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. २०११ च्या धोरणानुसार त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रं फक्त जशीच्या तशी पुनःप्रसारित करता येतात. म्हणजे वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर स्पर्धा आहे, रेडिओच्या बातम्यांत ती नाही. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीही मक्तेदारी नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलं होतं. तेव्हा खासगी केंद्रांना बातम्या देऊ द्याव्यात आणि आकाशवाणीला खरी स्वायत्तताही द्यावी. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

मोबाइल आल्यावर रेडिओ कशाला, हा प्रश्न सगळ्यात पटण्यासारखा वाटतो. शांत दिवसांत तो रास्तही आहे. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगडची अनेक गावं दीर्घकाळ विजेविना होती, मोबाइल सेवाही कोलमडली होती. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणचीही संपर्कव्यवस्था विस्कळीत झाली. अशा वेळी दूरचा मनोरा चालू असेल, तर सेलवर चालणारा संच गावातला टॉवर पडला तरी बोलतो. त्यातही मध्यम लहरी जमिनीच्या आणि समुद्राच्या पृष्ठभागालगत दूरवर जातात, एफएमला मात्र डोंगर आडवा येतो. डोंगर, खाड्या आणि समुद्र यांनी बनलेल्या या जिल्ह्यात कोणती प्रक्षेपण-यंत्रणा ठेवायची, हे केवळ खर्चाचा हिशेब पाहून ठरवता येणार नाही.

व्यापारी माध्यमांची गरज आहेच. सत्तेला प्रश्न विचारणारी स्वतंत्र वर्तमानपत्रं नसती तर लोकशाही लंगडी पडली असती. पण बाजार ज्यांच्याकडे ग्राहक म्हणून पाहत नाही, तेही नागरिक आहेत. त्यांच्यासाठीचं माध्यम सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, यासाठी संसदेने त्याच्या निधीची कायमची तरतूद करावी, आणि श्रोत्यांनी स्थानिक बातम्यांसाठी पुरेसा वेळ हक्काने मागावा.